पाणी स्वच्छ दिसतंय, मग मासे का मरतायत?

आजचा विषय आहे घरातला 20 लिटरचा फिश टँक.

आपल्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. आधी मोजायचं, मग ठरवायचं. टँकलाही हाच नियम लावा.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांचे कल्ले जाळतो. फिल्टरच्या स्पंजवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. नव्या टँकमध्ये पहिल्याच दिवशी 10 मासे सोडले, तर पाणी काचेसारखं दिसतं आणि मासे मात्र मरतात.

म्हणून टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य हवेत. आकडा वर गेला की खाणं कमी करा आणि थोडं पाणी बदला. एरवी आठवड्याला पाव टँक पाणी बदललं तरी पुरतं. नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातं. स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा.

आणि ते पाणी मोरीत ओतू नका, कुंड्यांना घाला. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांना खतच!

भेटू पुढच्या भागात.