रूमचा बादशहा आणि लातूरचा वल्लभराय

(लातूर येथें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या शाळेंत जाणाऱ्या पोराला विचारा, रोमचा बादशहा कोण? तो चटकन् सीझरचें नांव घेईल, नीरोचें घेईल, आणि रोम जळत असतां नीरो फिडल वाजवीत बसला होता हेंही सांगेल. (नीरोच्या काळीं फिडल हें वाद्यच नव्हतें, पण तें असो.) मग त्यालाच विचारा, 'लत्तलूरपुरपरमेश्वर' कोण? पोर गप्प. बापाकडे पाहावें तर बापही गप्प. मी त्यांना हंसत नाहीं. अर्धें आयुष्य ह्या लातुरांत काढून मलाही हें नांव ठाऊक नव्हतें.

लत्तलूर म्हणजे हें आपलें लातूर. कर्नाटकांत शिरूर व नीलगुंद येथें इ. स. ८६६ चे शिलालेख आहेत. त्यांत राष्ट्रकूट सम्राट पहिला अमोघवर्ष, ऊर्फ नृपतुंग, ह्याला ही पदवी लावलेली आहे. राजधानी त्याची मान्यखेटास, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यांतील आजच्या मळखेडास. लातुरांत तो राहत नव्हता. पण कुळाचें मूळ गांव तो विसरला नव्हता. पोट भरण्यासाठीं पुण्या-मुंबईस गेलेला माणूस चारचौघांत गांवाचें नांव अभिमानानें काढतो, तशांतलाच हा प्रकार. डॉ. अ. स. आळतेकर ह्यांनीं १९३४ मध्यें राष्ट्रकूटांवर इंग्रजींत ग्रंथ लिहिला, त्यांतही ह्या घराण्याचें मूळ लातुराकडेच नेलें आहे.

आज मी त्याच्या लढायांची जंत्री वाचणार नाहीं. हा राजा आपल्या माणसांशीं कसा वागला, आणि त्याच्यावर हात उगारणाऱ्यांशीं कसा वागला, एवढेंच सांगणार आहें.

त्याच्या हयातींत, इ. स. ८५१ मध्यें, सुलेमान व्यापाऱ्याच्या नांवानें ओळखलें जाणारें अरबी वर्णन तयार झालें. त्यांत जगांतले चार थोर राजे सांगितले आहेत: बगदादचा खलीफा, चीनचा बादशहा, रूमचा बादशहा आणि बल्हारा. बल्हारा म्हणजे वल्लभराय. राष्ट्रकूट राजांचें हें बिरूद. हिंदुस्थानांतले इतर राजे ह्याला वडीलकीचा मान देतात, आणि अरबांवर ह्याच्याइतकी मर्जी दुसऱ्या कोणाची नाहीं, असें तो म्हणतो. ज्याला ना अग्रहार मिळाला ना इनाम, अशा परक्या माणसाची ही साक्ष आहे. भाटाच्या स्तुतीपेक्षां ती मला वजनदार वाटते.

आतां रूमचा बादशहा म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलचा. जुन्या रोमची सत्ता गेली, तरी तेथले राजे स्वतःला रोमनांचेच बादशहा म्हणवीत. त्या सालीं तेथें तिसरा मायकेल होता. त्याची हकीकत ऐका. ८४२ मध्यें, दोन वर्षांचा असतां, तो गादीवर आला. कारभार आई थिओडोरा पाही. पोर वयांत आलें, तेव्हां ८५५ मध्यें आईच्या मुख्य कारभाऱ्याचा खून झाला, आणि त्याला ह्या पोराची संमति होती. पुढें आईची रवानगी मठांत झाली. मामा बार्डास कारभारी झाला. त्याला ८६६ मध्यें बेसिल नांवाच्या माणसानें मारलें. हा बेसिल घोड्यांच्या पागेंतून मर्जींत चढलेला. मायकेलनें त्याला जोडीचा बादशहा करून शेजारीं बसविलें, आणि ८६७ मध्यें त्याच बेसिलनें मायकेलचाही काटा काढविला. पुढें बेसिलचेंच घराणें गादीवर राहिलें, आणि त्याच्या आश्रयाच्या इतिहासकारांनीं मायकेलला दारुडा ठरवून टाकलें. लेखणी कोणाच्या घरची आहे हें पाहिल्याशिवाय इतिहास वाचूं नये, हें आपल्या समाजाला कोणी नव्यानें सांगावयास नको.

अमोघवर्षही पोरवयांतच गादीवर आला. बाप तिसरा गोविंद मोठा लढवय्या. त्याच्या मोहिमेंतच, छावणींत, हें मूल जन्मलें. नांव शर्व ठेवलें. ८१४ मध्यें गोविंद वारला तेव्हां पोर चौदा वर्षांच्या आसपास होतें. गुजराथेंत लाट प्रांतावर चुलत भाऊ कर्क होता. तो पालक झाला. थोड्याच वर्षांत सरदार व मांडलिक उठले आणि पोराला गादी सोडावी लागली. आतां विचार करा. कर्क वयानें मोठा, हातीं फौज, गादी रिकामी. त्यानें 'पोराला राज्य झेपत नाहीं' एवढें म्हटलें असतें तर कोण अडवणार होतें? पण त्यानें बंड मोडून पोराला पुन्हां गादीवर बसविलें. ८२१ च्या कर्काच्या सुरतेच्या ताम्रपटांत ही गोष्ट आलेली आहे. आपल्याकडे बांधाच्या दोन वितींसाठीं चुलत भाऊ एकमेकांवर विळे उगारतात, म्हणून ह्या कर्काचें मला अधिक कौतुक.

पण पुढची पिढी तशी निघाली नाहीं. कर्काचा मुलगा ध्रुव आणि अमोघवर्ष ह्यांच्यांत युद्ध जुंपलें, आणि त्यांत ध्रुव मेला. मग ध्रुवाचा मुलगा, मग नातू. जवळजवळ पाव शतक ही भाऊबंदकी चालली. अमोघवर्षाला साधु ठरविणाऱ्यांनीं हें पान उलटून टाकूं नये. ज्यानें गादी परत मिळवून दिली त्याच्याच मुलावर ह्यानें शस्त्र धरलें. शेवटीं उत्तरेकडून कनोजच्या भोज प्रतिहाराची भीति वाढली, तेव्हां ८६० च्या सुमारास दोन्ही घरांनीं समेट केला. शहाणपण आलें, पण शेजाऱ्याच्या भयानें आलें.

सर्वांत मोठा घाव घरांतूनच बसला. सेनापति बंकेय हा चेल्लकेतन कुळांतला. गंगांचें बंड मोडण्यासाठीं राजानें त्याला दक्षिणेस धाडलें. त्यानें कैदाळचा किल्ला घेतला, कावेरी ओलांडली, आणि इतक्यांत मागें घरांतच आग लागली. राजाचा मुलगा शत्रूंना मिळाला होता. बंकेयाला ताबडतोब परत बोलाविलें. तो आल्यावर बंडवाल्यांची फळी फुटली. कोन्नूरच्या लेखांत हा प्रसंग आहे. ८६० मध्यें बंकेयाच्या विनंतीवरून राजानें तेथल्या जैन मंदिराला गांव दिलें, त्या निमित्तानें तो सांगितला आहे. बंड करणारा मुलगा म्हणजे पुढें गादीवर आलेला दुसरा कृष्णच, असें अभ्यासक मानतात.

म्हणजे ज्या मुलानें बापाच्या पाठींत सुरा धरला, तोच युवराज राहिला व तोच राजा झाला! कॉन्स्टॅन्टिनोपलास ७९७ मध्यें आयरीन राणीनें पोटच्या मुलाचे डोळे काढविले होते, आणि तो मुलगा स्वतः बादशहा होता. मान्यखेटांत तसें घडलें नाहीं. ह्याला कोणी दुबळेपणा म्हणेल. मी म्हणत नाहीं. दुबळा माणूस चौसष्ट वर्षें गादीवर टिकत नाहीं.

गंगांशीं लढून लढून थकल्यावर त्यानें आपली मुलगी चंद्रोबलब्बे गंग राजपुत्र बूतुग ह्याला दिली आणि तें वैर मिटलें. आणखी एक राष्ट्रकूट राजकन्या, संखा, कांचीच्या पल्लव नंदिवर्म्याची राणी होती. तिच्या मुलाचें नांव नृपतुंग. नातवाला आजोबाचें नांव ठेवण्याची रीत आपण जाणतों, आणि म्हणूनच अभ्यासक तिला अमोघवर्षाची मुलगी मानतात. लेकी देऊन तह करणें हें त्या लेकींना काय वाटलें असेल, तें मात्र कोणत्याही ताम्रपटानें विचारलेलें नाहीं.

त्याचा स्वतःचा मोठा ताम्रपट संजाणचा, ८७१ चा. त्यांत एक मासलेवाईक श्लोक आहे. गुप्त कुळांतल्या एका राजानें भावाला मारून त्याचें राज्य घेतलें, राणीही घेतली, आणि तो म्हणे मोठा दाता! असल्या कीर्तीची आमच्या राजाला लाज वाटते, असा त्याचा भाव आहे. भाटाचें लिहिणें खरें. पण भाटही धन्याला जें आवडतें तेंच लिहितो. दानापेक्षां घरांतलें वर्तन मोठें, हें ऐकावयास ह्या धन्याला आवडत होतें.

ह्याच ताम्रपटांत ती बोटाची गोष्ट आहे. प्रजेवर अरिष्ट आलें, तेव्हां राजानें डाव्या हाताचें बोट कापून महालक्ष्मीला वाहिलें. ही देवी कोल्हापूरचीच, असें विद्वान् मानतात. माझें मत विचाराल तर बोट कापल्यानें कोणतेंही अरिष्ट टळत नाहीं, आणि ही गोष्ट सांगून कोणी नवस बोलूं लागेल तर मी त्याचा हात धरीन. पण एवढें पाहा: देवाच्या नांवानें बळी द्यावयाचा झाला कीं लोक कोंबडें शोधतात, बकरें शोधतात, आणि राजे तर कधीं गरिबाचें पोरही शोधीत. ह्यानें स्वतःचा हात पुढें केला.

आणि हाच राजा जैन आचार्य जिनसेनांच्या पायां पडे. वीरसेनांनीं सुरू केलेली 'जयधवला' टीका जिनसेनांनीं ८३७ मध्यें ह्याच्याच राज्यांत पुरी केली. महावीराचार्यांनीं 'गणितसारसंग्रह' लिहिला, त्याच्या आरंभीं ह्याचेंच गुणगान आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नसतें, हें त्या ग्रंथांत स्पष्ट मांडलें आहे. संजाणच्या पटानें मात्र चार ब्राह्मणांना झरिवल्लिका गांव दिलें आहे. जैनांना देणारा, ब्राह्मणांना देणारा, महालक्ष्मीला बोट वाहणारा. कोणत्याही एका पंथानें 'हा आमचा' म्हणून ह्याला कुलूप लावूं नये.

भाषेचेंही तेंच. कानडीचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ 'कविराजमार्ग' ह्याच्या दरबारांतला. कोणी तो राजाचा म्हणतात, कोणी श्रीविजय कवीचा. त्यांत कानडी मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. नांदेडची मंडळी येथें बसली आहेत. त्यांच्या घाटाखालून वाहते तीच ही गोदावरी. म्हणून तो कानडी कीं मराठी, असा वाद आपल्याकडे निघतो. आळतेकरांनीं मूळ गांव लातूर आणि घरची भाषा कानडी, असें दोन्ही लिहून ठेवलें आहे, आणि मला त्यांत कांहीं अवघड दिसत नाहीं. उदगीर-देगलूरकडे आजही एका घरांत दोन भाषा बोलणारी माणसें सांपडतात. सीमेची रेघ आपण अलीकडे ओढली. ती ओढून हजार वर्षांपूर्वींच्या माणसाला अलीकडे-पलीकडे ढकलणें म्हणजे वेड आहे. त्याच्यानंतर साठ वर्षांनीं गादीवर आलेल्या तिसऱ्या कृष्णाचें नांव आपण कंधारच्या किल्ल्याशीं आजही जोडतों. तो कृष्ण तरी कोणती भाषा बोलत होता?

'प्रश्नोत्तररत्नमालिका' नांवाचें लहानसें संस्कृत पुस्तक ह्या राजाचें. प्रश्न एक, उत्तर एक, अशी धाटणी. विवेकानें राज्य सोडलेल्या अमोघवर्षानें हें रचलें, असें त्याच्या शेवटीं आहे. पुढें तें कांहीं पोथ्यांतून शंकराचार्यांच्या नांवावर चढलें! पण त्याचें तिबेटी भाषेंत जुनें भाषांतर झालें, तेथें नांव अमोघवर्षाचेंच राहिलें. घरीं हरवलेला मालक हिमालयापलीकडे सांपडला.

८७८ च्या सुमारास त्याचें राज्य संपलें आणि कृष्ण गादीवर बसला. जिनसेनांचा अपुरा राहिलेला ग्रंथ शिष्य गुणभद्रांनीं पुढें नेला, आणि त्या 'उत्तरपुराणां'त म्हाताऱ्या राजाची जिनसेनांवरची भक्ति नोंदवून ठेवली. ८९८ मध्यें त्या ग्रंथाची पूजा झाली ती बंकापुरांत, म्हणजे सेनापति बंकेयाच्या नांवानें वसलेल्या गांवीं. तेथें तेव्हां बंकेयाचा मुलगा लोकादित्य अधिकारावर होता, आणि मान्यखेटाच्या गादीवर होता तो एके काळीं बापावर उठलेला कृष्ण.