फटफटी, मैत्री आणि संसार

(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडेल. तरुण मुलगे आणि मुली आपापल्या मोटरसायकली घेऊन मंडळें काढतात, रविवारीं पहांटे दूरवर जातात, त्यांत मैत्री जडते आणि कधीं कधीं त्या मैत्रीचें प्रेम होतें. हें चांगलें कीं वाईट, असा प्रश्न मला पुष्कळ घरीं विचारण्यांत येतो. माझें उत्तर असें कीं, तें चांगलें होण्यास दोन अटी आहेत. पहिली मंडळानें पाळावयाची, दुसरी घरानें.

आमच्या लहानपणीं फटफटी गांवांत एकदोघांकडेच असे. १९५५ सालापासून मद्रासेस बुलेट आणि १९६१ पासून म्हैसुरास जावा तयार होऊं लागली, तरी हांकणारा पुरुष आणि मागें बसणारी स्त्री हा शिरस्ता पुष्कळ वर्षें अढळ राहिला. मागें बसणाऱ्यास रस्ता फारसा दिसत नाहीं. समोरच्याची पाठ दिसते. २०११ सालीं पुण्यास ‘बायकर्नी’ हें केवळ स्त्रियांचें मोटरसायकल-मंडळ निघालें. आज आपल्या वर्धा जिल्ह्यांतही मुलगी स्वतः फटफटी हांकीत गेली तर कोणी फारसें वळून पाहत नाहीं. या मंडळांतील मैत्री समजून घ्यावयाची तर आरंभ येथून केला पाहिजे. ही मैत्री बरोबरीच्यांची आहे.

या मंडळींची रस्त्यावरील शिस्त पाहण्यासारखी असते. सर्वांत पुढें वाट माहीत असलेला अनुभवी गडी. सर्वांत शेवटीं तितकाच भरंवशाचा दुसरा, त्याच्याजवळ पाने आणि पंक्चरचें सामान. नवशिके पुढच्याच्या लगेच मागें, म्हणजे त्यांच्या बेतानें सर्वांचा वेग ठरतो. एकामागें एक सरळ रांग न करतां एक उजवीकडे, एक डावीकडे, असें तिरकस अंतर राखून जावयाचें. खड्डा दिसला कीं पुढच्यानें पायानें खूण करावयाची आणि ती खूण शेवटपर्यंत पोंचवावयाची. पवनारावरून सेलू आणि तेथून हिंगणीकडे वळून बोर धरणाला जावयाचें झालें, तर पावसाळ्यांत शेतांतून आलेल्या ट्रॅक्टरांनीं डांबरावर काळ्या मातीचा चिखल पसरलेला असतो. वेंचणीच्या दिवसांत कापसाच्या गाड्या मागच्या दिव्यावांचून उभ्या असतात. अशा वाटेवर पुढच्याची खूण म्हणजे मागच्याचा जीव.

मी जन्मभर शाळेंत मुलांचीं प्रगतिपुस्तकें भरलीं. स्वभावाचा रकाना भरतांना हात नेहमीं अडखळे, कारण बांकावर बसलेल्या मुलाचा स्वभाव कळत नाहीं. रस्त्यावर तो एका दिवसांत कळतो. कोणाची सांखळी तुटली असतां कोण थांबतो, कोण घड्याळ पाहतो, उन्हांत शेवटचें पाणी कोण दुसऱ्यास देतो, हें लपत नाहीं. कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासांत जें दिसत नाहीं, तें येथें न विचारतां दिसतें. अशा ओळखींतून प्रेम उपजलें तर त्यांत नवल तें काय?

परंतु येथेंच पहिली अट येते. आपल्याकडे स्थळास नकार द्यावयाचा तर मध्यस्थ असतो. पत्रिका जुळत नाहीं म्हटलें कीं दोन्हीं घरांचा मान राहतो. मंडळांत मध्यस्थ नाहीं. मुलानें विचारलें, मुलीनें नाहीं म्हटलें, तरी पुढल्या रविवारीं त्याच रांगेंत दोघांनीं उभें राहावयाचें. मग होतें असें कीं मुलगी हळूहळू येईनाशी होते. विचारलें त्यानें, आणि रस्ता सुटला तिचा! हा उघड अन्याय आहे. म्हणून ज्यानें विचारलें त्यानेंच अवघडलेपण सोसावें. चेष्टा करणाऱ्यांस मंडळाच्या पुढाऱ्यानें तेथल्या तेथें गप्प करावें. आणि तिची रांगेंतील जागा तिच्या उत्तरावर अवलंबून ठेवूं नये. ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक असेल, तरच ‘होय’ या शब्दाला किंमत येते.

माझ्या माहितीच्या एका मंडळांतील जोडप्यानें ही परीक्षा चांगली दिली. मुलानें मनोगत सांगितलें तेव्हां मुलीनें तीन महिन्यांची मुदत मागितली. त्या मुदतींत त्यानें एकदांही उत्तराची घाई केली नाहीं, आणि ती एकाही फेरीस चुकली नाहीं. पुढें ती हो म्हणाली. जात निराळी होती. तो वाद यथावकाश निवला. खरा वाद पडला तो मुलाच्या आईशीं. “एका घरांत दोन फटफट्या कशाला ग बाई? एक विकून टाका,” असें त्या म्हणाल्या. मुलगी शांतपणें उत्तरली, “आई, मग आम्ही एकत्र जाऊं कसें?”

हीच माझी दुसरी अट. पुष्कळ घरांत लग्न होतें आणि वर्षाच्या आंत मुलीची गाडी अंगणांत ताडपत्रीखालीं जाते. जिचें धैर्य पाहून त्याचें मन गुंतलें, तिलाच तो मागच्या बैठकीवर बसवितो. मैत्रीनें जें दिलें तें प्रेमानें काढून घेऊं नये.

लग्नानंतरही दोघांचें कार्य दोघांचें राहूं शकतें, याचा दाखला आपल्या जिल्ह्यांतच आहे. १९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षण-परिषद भरली आणि पुढल्या वर्षीं हिंदुस्थानी तालीमी संघ निघाला. त्याचे चिटणीस आर्यनायकम् हे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती. त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. दोघांनींही शांतिनिकेतनांत काम केलें होतें, आणि सेवाग्रामची नयी तालीम दोघांनीं मिळून उभारली. १९५४ सालीं पद्मश्री मिळाली ती आशादेवींना, त्यांच्या स्वतःच्या कामासाठीं. धर्म, भाषा, प्रांत निराळे. पण एकीचें काम दुसऱ्याच्या कामाखालीं झांकलें गेलें नाहीं.

कायद्यानेंही वाट करून ठेवली आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वयें मुलगा २१ व मुलगी १८ वर्षांची असली कीं जातिधर्माची आडकाठी उरत नाहीं. नोटिशीनंतर ३० दिवस आणि तीन साक्षीदार पुरतात. पण कायदा लग्न लावून देतो, नांदवीत नाहीं. नांदविणें घराकडे आहे.

तेव्हां आईबापांनो, मुलीनें असा मित्र घरीं आणला तर त्याची जात आणि पगार विचारण्याआधीं एवढेंच विचारा: वाटेंत हिची गाडी बंद पडली, तेव्हां हा काय करीत होता? आणि मुलास विचारा: लग्नानंतर हिची गाडी कोठें ठेवणार? या दोन उत्तरांवर निर्धास्तपणें निर्णय घ्या.