एका अक्षराची दोन अक्षरं

आमच्या वाशिम जिल्ह्यात विहीर खणताना काळ्या पाषाणात कधी पोकळी लागते आणि आत पांढरे, चकचकीत खडे दिसतात. लोक सरसकट त्यांना गारगोटी म्हणतात. त्यांत पुष्कळदा झिओलाइट असतं, कधी कॅल्साइट. मी कलाशाखेचा पदवीधर, कविता करणारा माणूस. पण कॅल्साइटने मला गणिताच्या दारात नेलं.

त्याचा स्वच्छ तुकडा छापील कागदावर ठेवा. खालचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. खडा गोल फिरवला, तर एक अक्षर जागेवर राहतं आणि दुसरं त्याच्याभोवती फिरतं! डेन्मार्कच्या बार्थोलिन यांनी १६६९ साली हे लिहून ठेवलं.

काचेत असं होत नाही. प्रकाशलहरीचं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनांना ढकलतं आणि काचेत ते ढकलल्या दिशेलाच सरकतात. स्फटिकात अणूंची मांडणी बांधीव. काही दिशा सैल, काही आवळलेल्या. सऱ्या पाडलेल्या रानात चाक तिरपं ढकललं, तर ते सरीकडे ओढ घेतंच. तसंच हे. मग एका आकड्याने भागत नाही. ढकलण्याच्या तीन दिशा, सरकण्याच्या तीन, असा नऊ आकड्यांचा तक्ता लागतो. तो टेन्सर. या शब्दाला आजचा अर्थ दिला जर्मनीच्या फोग्ट यांनी, १८९८ साली, स्फटिकांचाच अभ्यास करताना. मराठीत त्याला प्रदिश म्हणतात. अदिश, सदिश, प्रदिश : किती छान यमक, पण वर्गाबाहेर कुणी उच्चारत नाही.

अक्ष नीट निवडले, की नवातले तीनच आकडे उरतात. मिठात तिन्ही सारखे, म्हणून अक्षर एकच. कॅल्साइटमध्ये दोन सारखे, एक निराळा. त्यामुळे अपवर्तनांक दोन, १.६५८ आणि १.४८६. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. त्यात तिन्ही वेगळे.

असले खडे पाहायला सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात लोक तिकीट काढून जातात. खेड्यापाड्यांत मात्र ते दगडाबरोबर क्रशरमध्ये जातात आणि रस्त्याची खडी होतात. याची मला खंत वाटते. शिक्षकांनी ट्रॅक्टर येण्याआधी मुलांना विहिरीच्या ढिगाऱ्याकडे न्यावं. कॅल्साइट ओळखायला लिंबू पुरतं. रस पडला, की बारीक बुडबुडे येतात. झिओलाइटवर सहसा येत नाहीत. मग त्यातला आरपार दिसणारा तुकडा निवडायचा आणि पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही ओळीवर ठेवायचा.