कललेलं वृंदावन

(मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'माझा छंद' या विषयावर बोलायला सांगितलंय. पण खरं सांगायचं तर मी बोलणार आहे ते बरीच वर्षं बंद पडलेल्या छंदाबद्दल.

तुमच्यापैकी किती जणांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्यात? बघा, निम्मे हात वर! म्हणजे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे पेपर तुम्हालाही आठवत असतील. कॅम्लिनची रंगपेटी, पाण्याचा डबा आणि रंगाने बरबटलेली बोटं. मला एलिमेंटरीला 'ए' ग्रेड मिळाली आणि इंटरमिजिएटला 'बी'. घरात कोणी काही बोललं नाही. पण मीच मनाशी ठरवून टाकलं, यापुढे चित्र काढायचं तर 'ए'चंच. झालं! त्या दिवसापासून माझी चित्रं पुरी होईनाशी झाली.

पुढे मी अकाउंटंट झाले आणि 1998 साली लंडनला आले. आमच्या कामात एका पेनीचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत चैन पडत नाही. तीच सवय चित्रांतही शिरली.

आमच्या सांगलीच्या घराच्या मागच्या अंगणात तुळशी वृंदावन होतं. 2009 साली घर विकायचं ठरलं, तेव्हा आई म्हणाली, "जायच्या आधी मला वृंदावनाचं एक चित्र काढून दे गं." फोटो होते, पण सगळ्यांत माणसंच पुढे उभी! मी पट्टी घेऊन बसले. कडा सरळ हव्यात, कोनाडा अगदी मधोमध हवा. सात कागद झाले, सातही फाडले. "पुढच्या खेपेला नीट काढते," असं म्हणून विमानात बसले. पुढच्या खेपेला तिथे चार मजली इमारत उभी होती. आई एका शब्दाने काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

दोन वर्षांपूर्वी पावसात आडोसा हवा म्हणून व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये शिरले. तिकीट नाही, हेही एक कारण! तिथे जॉन कॉन्स्टेबलची छोटी अभ्यासचित्रं पाहिली आणि घरी येऊन त्याच्याबद्दल वाचलं. 1821 आणि 1822 साली हा गृहस्थ हॅम्पस्टेडला नुसते ढग रंगवत बसायचा. ढग काही कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे एका बैठकीत, भराभर काम. ही चित्रं प्रदर्शनासाठी नव्हतीच. त्यांतल्या कितीतरी चित्रांच्या मागे त्याने तारीख, वेळ आणि वारा कुठून वाहत होता, ते लिहून ठेवलंय.

मला हसू आलं. मी चित्रामागे मनातल्या मनात ग्रेड लिहीत होते आणि हा माणूस वारा लिहीत होता!

मग मीही नियम केले. कागद पोस्टकार्डाएवढा. वेळ वीस मिनिटं. खोडरबर नाही. मागे तारीख, वेळ आणि हवा लिहायची. आणि फाडायचं नाही, काहीही झालं तरी.

पहिला महिना भयंकर गेला. जलरंगाचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याचा थेंब पडला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. सुधारायला जावं तर त्याचा चिखल होतो. हळूहळू हात आवरायला शिकले. आणि एक दिवस लक्षात आलं, मी रंगवताना गुणगुणतेय. शाळेत गुणगुणायचे, तशी.

त्याच सुमारास एका सकाळी चहा पिता पिता वृंदावन काढलं. पट्टी नाही, समोर काही नाही, म्हणजे अगदी स्मरणचित्रच! हिरवा रंग ओघळून कठड्यावर आला, आणि सगळं वृंदावन डावीकडे झुकलं. फाडायचं नाही हा नियम होता, म्हणून वाचलं. धीर करून भावाच्या फोनवर फोटो पाठवला.

आईचा फोन आला. "अगं, हे डावीकडे कललंय."

माझा चेहरा उतरला. "हो गं, घाईत काढलं."

"घाईत कसलं? ते कललेलंच होतं! पारिजातकाच्या मुळांनी एक बाजू उचलली होती. तुझे बाबा दर वर्षी तुळशीच्या लग्नाआधी म्हणायचे, यंदा सरळ करून घेऊ. कधी झालं नाही ते."

मंडळी, सात कागदांवर मी पट्टीने सरळ वृंदावन काढलं होतं. त्यातलं एकही आमचं नव्हतं.

ते पोस्टकार्ड आता आईच्या देवघराशेजारी लावलंय, डागासकट. मागे लिहिलंय, 'रविवार, सकाळी आठ, वारा पश्चिमेचा.'

पुढच्या महिन्यात याच हॉलमध्ये रंग घेऊन बसायचा विचार आहे. मुलांना आणा, आजी-आजोबांना आणा. कागद मी आणते. ग्रेड मात्र कोणालाच मिळणार नाही!