वर्गणीच्या पडद्याआडची शर्यत

२००८ सालीं साओ पाउलो येथें, फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यतींत, अखेरच्या फेरींत पांचवा क्रमांक गांठून लुइस हॅमिल्टन अवघ्या एका गुणानें जगज्जेता झाला. तो थरार ब्रिटनमधील घराघरांत आयटीव्हीवर विनामूल्य दिसला. त्याचें सातवें जगज्जेतेपद २०२० सालचें, इस्तंबूलचें. तें मात्र स्काय वाहिनीची वर्गणी भरणारांनींच घडतांना पाहिलें!

हें एकाएकीं झालें नाहीं. बीबीसीनें काटकसरीपायीं २०१२ पासून निम्म्याच शर्यती थेट दाखविल्या, सगळ्या स्कायकडे. २०१६ मध्यें बीबीसीच्या जागीं चॅनेल फोर आलें, आणि २०१९ पासून त्याच्या वांट्यास सारांश व सिल्व्हरस्टोनची घरची शर्यत एवढेंच उरलें. आयोजकांस द्रव्य मिळतें, हें खरें. परंतु ज्या मुलास ह्या खेळाची गोडीच लागलेली नाहीं, त्याचा बाप वर्गणी कशासाठीं भरील?