स्वागताध्यक्षीय भाषण : रात्रीत गेलेली तड

मुंबई-पुणे-हैदराबादहून आलेले अभियंते, आणि गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरीहून एक दिवसाचा रोजगार बुडवून आलेल्या माझ्या कारागीर बंधू-भगिनींनो, परभणीत तुमचं मनापासून स्वागत.

जहाजं आणि रणगाड्यांच्या वेल्डिंगवर परभणीत परिषद कशाला, असं मला महिनाभर लोक विचारत होते. आपल्याकडे गोदावरी आहे, पूर्णा आहे, दुधना आहे, गोदी नाही. माझं उत्तर दारातल्या टेबलावर ठेवलंय. तिथला ट्रॉलीचा ॲक्सल माझ्याच वर्कशॉपातला. उसाच्या हंगामात, घाईत, गार लोखंडावर ओल धरलेल्या रॉडने मी वेल्ड मारला. संध्याकाळी सांधा चकचकीत दिसत होता. रात्री ‘टण्’ असा आवाज आला, आणि सकाळी वेल्डच्या कडेने केसाएवढी तड. ट्रॉलीत तेव्हा एक मोळीसुद्धा चढली नव्हती.

रॉडच्या लेपात मुरलेल्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो आणि तापल्या पोलादात शिरतो. कार्बन जास्त असलेलं पोलाद झटकन निवलं की वेल्डलगतचा पट्टा ठिसूळ होतो. सांधा आकसतो, ताण बसतो, आणि काही तासांनी तड जाते. चिलखती पत्र्यालाही हेच दुखणं. म्हणून रणगाड्याच्या कामात पत्रा आधी तापवतात, रॉड भाजून घेतात, आणि बर्‍याचदा सांधा स्टेनलेसच्या रॉडने भरतात. तो धातू हायड्रोजन स्वतःत धरून ठेवतो आणि ताण आला तर फाटण्याआधी लवतो.

जहाजांनी तडेचा धडा फार महागात घेतला. रिबेट मारलेल्या जहाजात तड निघाली तर ती सहसा त्या पत्र्याच्या कडेला थांबे. वेल्डिंगने सगळं जहाज एकसंध झालं; वजन घटलं, काम झपाट्याने होऊ लागलं, पण तडेची वाटही मोकळी झाली. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्यावर, शांत पाण्यात उभं असलेलं ‘स्केनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज मधोमध मोडलं. त्या काळच्या लिबर्टी नावाच्या मालवाहू जहाजांच्या तडा अनेकदा डेकवरच्या झाकणांखालच्या भोकांच्या चौकोनी कोपर्‍यांतून निघत. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने दाखवून दिलं, की ठरावीक तापमानाखाली तेच पोलाद ठिसूळ होतं. दोष एकट्या वेल्डरचा नव्हता. माझ्या कारागिरांनी हे आवर्जून ऐकावं, कारण काही तुटलं की पहिलं बोट आपल्याकडेच वळतं. आणि पत्र्यात भोक कापताना कोपरा गोल काढा, ट्रॉली असली तरी.

आपल्या देशानेही वेल्डिंगचं हे काम शिकून घेतलं. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘नीलगिरी’ ही युद्धनौका १९७२ मध्ये नौदलात आली, आणि ‘शल्की’ ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी १९९२ मध्ये. कोचीत बांधलेल्या, २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचं पोलाद हैदराबादच्या संरक्षण धातू प्रयोगशाळेने ‘सेल’ या पोलाद कंपनीसोबत विकसित केलं. ही प्रयोगशाळा कांचनबागेत आहे, आणि ‘अर्जुन’ रणगाड्याच्या ‘कांचन’ चिलखताचं नाव तिथलंच. आमचे आजे-पणजे कोर्टकचेरीसाठी ज्या हैदराबादला जात, तिथेच हे काम झालं, याचा मला फार अभिमान वाटतो.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण लहानपणापासून म्हणत आलो. त्या जर्मनीने कीलच्या गोदीत १९३१ साली ‘डॉइचलंड’ ही युद्धनौका पाण्यात सोडली, तेव्हा वजन वाचवायला रिबेटांऐवजी मोठ्या प्रमाणावर वेल्डिंग वापरलं होतं. जर्मनीशी नाव जोडायचं तर आपला सांधाही तसाच पक्का असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पाहुण्यांना एक विनंती. आमची पोरं हुशार आहेत, पण सांध्याची अल्ट्रासाउंड तपासणी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नाही. दोन दिवस त्यांना यंत्र हाताळू द्या, प्रश्न विचारू द्या, मराठीत समजावून सांगा. आणि कारागिरांनो, तुमच्याकडचे मोडके सांधे लपवू नका, टेबलावर माझ्या ॲक्सलशेजारी आणून ठेवा.

दुपारी ज्वारीची भाकरी आणि ठेचा आहे, सर्वांनी जेवूनच जायचं. उद्या सकाळी सातला ओव्हन लावू. रॉड नीट भाजून निघायला वेळ लागतो, म्हणून पहिलं प्रात्यक्षिक दहा वाजता.