शिकविणारे हात कमी पडतात तेव्हा

(करावे येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)





आज आपण गुणवंत मुलामुलींचे कौतुक केले, ते योग्यच झाले. परंतु प्रत्येक वस्तीत अशीही मुले असतात की ज्यांची नावे कोणत्याच गुणपत्रकावर येत नाहीत. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही, कुणाची समज सावकाश उमलते, तर कुणी चांगला हुशार असूनही त्याला अक्षरे जुळविता येत नाहीत. या मुलांना शिकविणारा शिक्षक कोठे आहे, या एकाच प्रश्नाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

२०११ च्या जनगणनेत देशात दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०२२ साली केंद्र सरकारने प्रमाणही ठरविले : प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक वर्गांत १५ मुलांमागे एक. तरीही राज्यांनी पदे निश्चित करावीत व भरावीत, यासाठी सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२५ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. आपल्या राज्याने २०२४ साली ४,८६० पदांना मंजुरी दिली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ही पदे केंद्रनिहाय आहेत आणि एका केंद्रात अनेक शाळा येतात. आठवड्यातून एखादे वेळी भेटणाऱ्या शिक्षकाकडून मूक-बधिर मूल भाषा कशी शिकणार?

कुणी म्हणेल, साध्या शिक्षकाने थोडी माया दाखविली की पुरे. माया हवीच, पण नुसत्या मायेने ब्रेल वाचता येत नाही. सदऱ्याचे बटण लावणे आपल्याला एक काम वाटते. विशेष शिक्षक त्याचे लहान लहान टप्पे करतो, एक टप्पा पक्का झाल्यावरच दुसरा घेतो आणि प्रत्येक मुलासाठी वेगळी योजना आखतो. ही विद्या शिकावी लागते. म्हणूनच भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय हे काम करता येत नाही.

असा शिक्षक नसला की काय होते? अक्षरे न जुळणाऱ्या मुलाला आपण 'मठ्ठ' ठरवितो, तो मार खातो आणि एक दिवस शाळा सोडतो. बौद्धिक दिव्यांग मुलाची आई त्याच्यापायी घरात बांधली जाते. पुष्कळदा थोरल्या बहिणीची शाळा सुटते. म्हणजे उणीव एका शिक्षकाची, पण तिची किंमत सारे घर मोजते. आणि जो माणूस उद्या चार पैसे मिळवून स्वाभिमानाने जगला असता, तो आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

मुंबईचा इतिहास पाहा. १९४४ साली एका पारशी मातापित्यांनी आपल्या दीना नावाच्या मुलीसाठी शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील शाळा. १९७२ साली डॉ. मिठू अलूर यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलांसाठी संस्था उभारली. शिक्षण मिळत नाही म्हणून हे पालक रडत बसले नाहीत. त्यांनी आपल्या मुलीबरोबर हजारोंची सोय केली.

आपल्याला तर साधने हाताशी आहेत. करावे गावाला जवळचे सीवूड्स स्टेशन. तेथून लोकलने वाशीला गेले की महानगरपालिकेचे दिव्यांग मुलांसाठीचे ई.टी.सी. केंद्र आहे. उलट्या दिशेने बेलापूरनंतर खारघर. तेथे बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. वांद्र्याला १९८३ पासून वाक् व श्रवण दिव्यांगांची राष्ट्रीय संस्था असून तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव दिलेले आहे.

पालकांनो, मूल हाकेला वळत नसेल, वेळेवर बोलत नसेल, तर 'मोठा झाला की बोलेल' म्हणून वर्षे घालवू नका आणि लोक काय म्हणतील या भीतीने त्याला पाहुण्यांपासून लपवू नका. कानाची तपासणी जितकी लवकर, तितकी भाषा लवकर. प्रमाणपत्र काढा, शाळेत नाव घाला आणि शिक्षक नसेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी करा. मागणीच कागदावर आली नाही, तर पद मागायचे कशाच्या आधारावर?

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांना डॉक्टर, इंजिनिअर व्हायचे आहे, जरूर व्हा. पण बारावीनंतर विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे, पदवीनंतर विशेष बी.एड. आहे, हेही ध्यानात ठेवा. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत मुलाशी व त्याच्या आईशी बोलू शकणारा शिक्षक तर या भागाला फारच मोलाचा ठरेल. दरवर्षी आपल्या शाळांतून दोन मुले जरी या वाटेने गेली, तरी दहा वर्षांत वीस शिक्षक तयार होतील. संस्थेने त्यांच्या फीसाठी शिष्यवृत्ती ठेवावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

इमारती पैशाने उभ्या राहतात. शिक्षक मात्र आपल्याच घरांतून यावे लागतात. ते घर आपले असावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.